पडदा काळा झाला म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलेच असे नाही

संध्याकाळची वेळ असते. घरातील संगणक सुरू केला जातो. कॅबिनेटवरील दिवा लागतो, आत पंखा फिरत असल्याचा आवाज येतो. परंतु मॉनिटरचा पडदा काळाच राहतो. मुलीचा प्रकल्प उद्या शाळेत द्यायचा असतो किंवा कार्यालयाचे काम त्याच यंत्रात अडकलेले असते. घाईघाईने दुरुस्ती करणाऱ्याला फोन केला जातो आणि यंत्र न पाहताच पलीकडून निदान येते, 'ग्राफिक्स कार्ड गेलं असणार, नवीन टाकावं लागेल.' कधी त्याच्या जोडीला 'एकदा फॉरमॅट मारून बघू' असा सल्लाही मिळतो.

ही दोन्ही वाक्ये घरमालकाला महागात पडू शकतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हा घरगुती संगणकातील बहुधा सर्वांत महाग भाग असतो. फॉरमॅट करणे म्हणजे तर हार्ड डिस्कवरील मजकूर पुसून टाकणे. ज्या घरात छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवलेली नाही, तेथे लग्नाचे, बारशाचे आणि सहलींचे फोटो त्याबरोबर जातात. वास्तविक ग्राफिक्स कार्डावर आपला कोणताही मजकूर साठवलेला नसतो. कार्ड बंद पडले, तरी डिस्कवरील फोटो आणि कागदपत्रे जागच्या जागी असतात. तेव्हा पडदा काळा झाल्यावर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे न घाबरणे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रमाने तपासणे. चित्र न दिसण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतील कित्येक विनाखर्च दूर होतात. ज्या शक्यता तपासण्यास पैसे लागत नाहीत त्या आधी, ज्यांना खर्च येतो त्या शेवटी आणि एका वेळी एकच बदल, एवढे पथ्य पाळले तर बराचसा शोध घरच्या घरी घेता येतो.

चित्र कोणत्या वाटेने येते?

बिघाड शोधायचा तर चित्राची वाट ठाऊक हवी. प्रोसेसर काय दाखवायचे ते सांगतो. ग्राफिक्स कार्डावरील चिप त्याचे चित्र तयार करते आणि कार्डावरच्या स्मृतीत ठेवते. तेथून ते कार्डाच्या मागील खाचेतून केबलमध्ये आणि केबलमधून मॉनिटरमध्ये जाते. आज सर्रास आढळणारा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा घेतला, तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते म्हटले, तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी बिंदूंचे रंग ठरवून पुढे पाठवावे लागतात. या कामासाठी वेगळी चिप असते ती त्यामुळेच. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणताना अशा चिपचा 'जीपीयू' म्हणून गाजावाजा केला आणि पुढे ते नाव रूढ झाले.

घरगुती संगणकांत दोन प्रकार आढळतात. काहींत चित्रांची सोय प्रोसेसरमध्येच, तर जुन्या यंत्रांत मदरबोर्डवर असते. काहींत त्यासाठी स्वतंत्र कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवलेले असते. स्वतंत्र कार्ड असलेल्या अनेक संगणकांत पहिली सोयही शाबूत असते आणि बिघाड शोधताना तीच मोठी उपयोगी पडते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यात ही सोय नसते. एएमडीच्या रायझन मालिकेतील २०२२ पूर्वीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपैकी प्रामुख्याने 'जी' अक्षर असलेल्यांतच ती आढळते. संगणक घेतानाची पावती काढून आपला प्रोसेसर कोणता हे पाहून ठेवावे.

पहिला प्रश्न : चित्र केव्हा जाते?

वैद्य जसा 'ताप केव्हा येतो' असे आधी विचारतो, तसेच येथेही विचारावे. उत्तर चार प्रकारचे असू शकते.

बटण दाबल्यापासून पडद्यावर काहीच येत नसेल, तर संशय केबल, मॉनिटर, कार्डाची बैठक, वीजजोडणी आणि रॅम यांच्यावर घ्यावा. या टप्प्यावर विंडोज सुरूच झालेले नसते. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकून काही साधत नाही.

सुरुवातीला मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे नाव दिसते, विंडोजचे चिन्हही येते आणि त्यानंतर पडदा काळा होतो, असे असेल तर कार्ड, केबल आणि मॉनिटर निदान साधे चित्र दाखवू शकत आहेत. येथे संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा. कार्ड आणि विंडोज यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात.

पत्रलेखन, इंटरनेट यांसारखी कामे सुरळीत होतात. पण खेळ खेळताना किंवा व्हिडिओचे संपादन करताना पडदा जातो किंवा यंत्रच बंद पडते, असे असेल तर उष्णता आणि वीज ही दोन कारणे आधी तपासावीत. कार्डावर ताण येतो तेव्हाच ती उघडी पडतात.

चौथा प्रकार म्हणजे चित्र दिसते, पण बिघडलेले. रंगीत चौकोन, आडव्या रेघा, लुकलुकणारे ठिपके किंवा भलतेच रंग दिसतात. याची उकल पुढे येईल.

पडदा पूर्ण काळा असताना संगणक आतून चालू झाला आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. दोन मिनिटे थांबून कळफलकावरील 'नम लॉक' ही कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा चालू आहे आणि अडचण केवळ चित्राची आहे. दिवा हलतच नसेल, तर मुळात यंत्रच पुढे सरकलेले नाही. काही कळफलकांना हा दिवा नसतो. त्यांच्याबाबत ही खूण चालणार नाही.

सुरू होताना येणारे 'बीप' आवाजही मोजावेत. जुन्या अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्रव्यवस्थेतील दोष, तर एएमआय बायॉसमध्ये आठ आखूड बीप म्हणजे चित्रांच्या स्मृतीतील दोष, असा संकेत होता. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर आवाजाऐवजी चार छोटे दिवे असतात. 'व्हीजीए' असे लिहिलेला दिवा लागून राहिला तर कार्डाकडे आणि 'डीरॅम' असे लिहिलेला राहिला तर रॅमकडे वळावे. बीपचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका जपून ठेवावी.

सुरुवात मॉनिटरपासून

कॅबिनेटला हात लावण्यापूर्वी मॉनिटर पाहावा. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे उमटत असतील, तर मॉनिटर जिवंत आहे. त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही, इतकाच त्याचा अर्थ. मॉनिटरच्या कडेची बटणे दाबून त्याची स्वतःची यादी उघडावी. ती यादी मॉनिटर स्वतःच तयार करतो, संगणक नव्हे. त्यामुळे यादीतही रेघा किंवा डाग दिसत असतील तर दोष मॉनिटरचा आहे आणि कार्डाच्या मागे लागण्याचे कारण नाही. यादी स्वच्छ दिसत असेल तर त्यातच 'इनपुट' तपासावे. पुसताना बोट लागून एचडीएमआयऐवजी व्हीजीए निवडले गेल्याचे प्रकार घरोघरी घडतात.

नंतर केबल पाहावी. संगणक जागचा हलवल्यावर किंवा साफसफाईनंतर पडदा गेला असेल, तर केबल चुकीच्या खाचेत गेल्याची शक्यता मोठी असते. कॅबिनेटच्या मागे मदरबोर्डच्या खाचा बहुधा उभ्या ओळीत वरच्या बाजूस असतात, तर स्वतंत्र कार्डाच्या खाचा त्यांच्या खाली आडव्या पट्टीवर असतात. स्वतंत्र कार्ड असताना केबल कार्डालाच जोडायला हवी. वरच्या खाचेत ती गेली, तर अनेक यंत्रांत पडदा काळा राहतो आणि निष्पाप कार्डावर ठपका येतो.

जुन्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या रंगांसाठी स्वतंत्र तारा असतात. निळ्याची पिन वाकली तर पडदा पिवळसर, हिरव्याची वाकली तर गुलाबी-जांभळा आणि लाल रंगाची वाकली तर हिरवट-निळा दिसतो. असा एकाच रंगाचा दोष दिसला की प्लग काढून पिना निरखाव्यात. डिस्प्लेपोर्टच्या अनेक प्लगना खटका असतो. तो दाबल्याशिवाय केबल ओढू नये, अन्यथा खाचच ढिली होते.

नवे कार्ड आणि जुना मॉनिटर अशी जोडी असेल, तर आणखी एक अडचण संभवते. एनव्हिडियाने २०१६ मध्ये आणलेल्या जीफोर्स १० मालिकेपासून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग संदेश कार्डातून देणे बंद केले. अशा कार्डाला केवळ पिना जुळवणारा स्वस्त जोड लावून चित्र येत नाही. डिजिटल संदेशाचे रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो.

शक्य असल्यास शेजाऱ्यांची चांगली चालणारी केबल लावून पाहावी, तसेच आपला मॉनिटर एखाद्या लॅपटॉपला जोडून पाहावा. या दोन तपासण्यांना काही खर्च नाही आणि निम्मी वाट त्यांतच निर्धोक ठरते.

ड्रायव्हरचा घोळ

विंडोज येईपर्यंत चित्र दिसत असेल तर ड्रायव्हरकडे वळावे. नव्या अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी तक्रार सुरू झाली असेल, तर संशय अधिक बळावतो. विंडोज १० आणि ११ मध्ये 'विंडोज', 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'बी' या चार कळा एकदम दाबल्या की ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि कधीकधी हरवलेले चित्र परत येते.

ते न साधल्यास 'सेफ मोड' वापरावा. या अवस्थेत विंडोज कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर काम चालवते. विंडोज ७ पर्यंत त्यासाठी सुरुवातीला 'एफ ८' ही कळ दाबावी लागे. विंडोज १० आणि ११ मध्ये यंत्र लागोपाठ दोन-तीन वेळा नीट सुरू झाले नाही, की दुरुस्तीची यादी आपोआप उघडते. तेथे 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असे पुढे जाऊन यंत्र पुन्हा सुरू करावे आणि चौथा पर्याय निवडावा. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर या वाटेत ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवलेली असावी.

सेफ मोडमध्ये चित्र स्वच्छ आणि स्थिर दिसले, तर दोष ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता वाढते. मग 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली आपल्या कार्डाचे नाव शोधावे. त्याच्या गुणधर्मांत 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण वापरण्याजोगे असेल, तर आधीचा ड्रायव्हर परत आणता येतो. नसेल तर ड्रायव्हर काढून टाकून, कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून योग्य तो उतरवून घ्यावा. 'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करा' असे सांगणाऱ्या अनोळखी आज्ञावलींच्या वाटेला जाऊ नये.

कार्डाच्या नावावर पिवळे चिन्ह आणि गुणधर्मांत 'कोड ४३' असे दिसले, तर कार्डाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे असा त्याचा अर्थ असतो. हे ड्रायव्हरमुळेही घडते आणि कार्डातील दोषामुळेही. ड्रायव्हर स्वच्छ काढून पुन्हा टाकल्यावरही तोच आकडा येत राहिला, तर मात्र कार्डावरील संशय वाढतो.

'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश अनेकांनी पाहिला असेल. २००७ मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही व्यवस्था आहे. कार्डाने सर्वसाधारणपणे दोन सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज संपूर्ण यंत्र गोठू न देता केवळ चित्रव्यवस्था नव्याने सुरू करते. हा संदेश क्वचित आला तर दुर्लक्ष करावे. रोज येऊ लागला तर ड्रायव्हर, उष्णता आणि वीज या क्रमाने तपासणी करावी.

उष्णता आणि धूळ

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद खोलीतही दिलासा नसतो. कार्ड थंड होते ते खोलीतील हवेनेच. त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली तर कार्डाचे तापमानही साधारण तेवढेच चढते. त्यातून कॅबिनेट संगणकाच्या टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला टेकवून ठेवलेले असेल, तर बाहेर पडलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते.

विंडोज १० च्या २०२० मधील सुधारणेपासून 'टास्क मॅनेजर'च्या 'परफॉर्मन्स' या भागात स्वतंत्र कार्डाचे तापमान दिसते. खेळ चालू असताना ७० ते ८५ अंश सेल्सिअस हे अनेक कार्डांच्या बाबतीत नेहमीचे असते. त्याहून बरेच वर गेले की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. चित्र अडखळू लागते आणि शेवटी यंत्र बंद पडते. एक साधी चाचणी करावी. कॅबिनेटचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावावा आणि तोच खेळ पुन्हा चालवावा. तक्रार नाहीशी झाली तर कारण सापडले. मात्र झाकण काढलेले असताना मुले आसपास नसावीत.

अनेक नव्या कार्डांचे पंखे साध्या कामाच्या वेळी मुद्दामच थांबलेले असतात. कार्ड तापल्यावर ते फिरू लागतात. त्यामुळे पंखा थांबलेला दिसताच तो जळाला असे समजू नये.

धूळ काढताना मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरावा आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. झोताने पंखा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. चार-पाच वर्षे जुन्या कार्डात चिप आणि धातूचा थंडावक यांच्यामधील लेप वाळलेला असण्याची शक्यता असते. तो बदलण्याचे काम मात्र सवय असलेल्याकडूनच करून घ्यावे.

विजेचे दुखणे

२००० नंतरच्या दशकात राज्यातील अनेक गावांनी तासन्‌तास भारनियमन सोसले. वीज जाताना आणि विशेषतः परत येताना होणारे चढउतार यंत्रांना सोसत नाहीत, हे तेव्हा घरोघरी कळले. आजही तो धोका पुरता टळलेला नाही. ज्याला आपल्याकडे एसएमपीएस म्हणतात, तो विद्युत पुरवठ्याचा डबा कमकुवत असेल तर साध्या कामात काहीच जाणवत नाही आणि खेळ सुरू होताच यंत्र खटकन बंद पडते.

येथे काही आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. कार्ड ज्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसते, त्यातून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक हवे असल्यास कार्डाला एसएमपीएसमधून स्वतंत्र तार जोडावी लागते. सहा पिनांच्या तारेतून ७५ आणि आठ पिनांच्या तारेतून १५० वॅट घेण्याची मुभा असते. ही तार जोडायची राहून गेली तर कार्डाचा पंखा फिरतोही, परंतु चित्र येत नाही. प्रोसेसरची आठ पिनांची तार दिसायला तशीच असली तरी तिची जोडणी वेगळी असते. ती जबरदस्तीने कार्डात घुसवू नये. तसेच सुटी होणारी तार असलेल्या एका एसएमपीएसची तार दुसऱ्या एसएमपीएसला लावू नये. टोके जुळली तरी आतील क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात महागडे भाग जळतात.

प्लग पूर्ण बसणे किती महत्त्वाचे आहे, याचे उदाहरण ताजे आहे. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या कार्डांच्या १६ पिनांच्या जोडणीचे प्लॅस्टिक वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. प्लग पुरता न बसणे हे त्यामागील एक नेहमीचे कारण असल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले आणि २०२३ मध्ये त्या जोडणीची रचना सुधारण्यात आली.

यूपीएसकडेही पाहावे. घरगुती वापराचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो. मोठे कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून खेळाच्या वेळी त्याहून अधिक मागू शकतात. वीज जाताच यूपीएस असूनही संगणक बंद पडतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. तो प्रश्न केवळ कार्डाचा नसून आपल्या जिवाचा आहे.

पेटी उघडण्याची वेळ

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर कॅबिनेट उघडावे. वॉरंटीची मुदत चालू असेल आणि झाकणावर कंपनीचे सील असेल, तर ते तोडण्यापूर्वी विक्रेत्याशी बोलावे. प्लग भिंतीतून काढून, सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत उतरवावी. एसएमपीएसचा डबा मात्र कदापि उघडू नये. त्यात बंद केल्यानंतरही धोकादायक दाब टिकून राहतो.

कार्डाचा स्क्रू काढावा, स्लॉटच्या टोकाचा खटका दाबावा आणि कार्ड सरळ वर उचलावे. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहणाऱ्यांना तळाच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर दिसू शकतो. खोडरबराने त्या घासण्याची आपल्याकडे रीत आहे. तिने काम होते, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्याने जोर लावू नये आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसणे अधिक चांगले. कार्ड पुन्हा बसवताना खटका लागल्याचा आवाज यायला हवा. जड कार्ड एका बाजूने कलत असेल तर त्याला आधार द्यावा. याच वेळी रॅमही काढून पुन्हा बसवावी, कारण ती ढिली झाली तरी पडदा काळाच राहतो आणि लक्षणे थेट कार्ड गेल्यासारखी दिसतात.

प्रोसेसरमध्ये चित्रांची सोय असेल, तर कार्ड बाहेरच ठेवून केबल मदरबोर्डला लावावी आणि यंत्र सुरू करून पाहावे. चित्र आले तर मदरबोर्ड, रॅम, मॉनिटर आणि केबल निर्धोक आहेत. उरतात ते कार्ड, त्याचा स्लॉट आणि त्याला मिळणारी वीज. तरीही चित्र आले नाही, तर दोष बहुधा अन्यत्र आहे आणि नवे कार्ड घेऊन काहीही साधले नसते.

कार्ड खरोखरच बिघडले असेल तर

आता चौथ्या प्रकाराकडे वळू. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा ठिपके दिसत असताना 'प्रिंट स्क्रीन' ही कळ दाबून पडद्याची प्रतिमा साठवावी आणि ती मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाहावी. प्रतिमेतही ते डाग असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडले आहे. संशय ड्रायव्हर, चिप किंवा कार्डाची स्मृती यांच्यावर जातो. प्रतिमा स्वच्छ असेल, तर चित्र नीट तयार होऊन पुढच्या वाटेत बिघडले असण्याची शक्यता अधिक, म्हणून कार्डाची खाच, केबल आणि मॉनिटर पाहावा. विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या पडद्यावरही डाग दिसत असतील आणि मॉनिटर व केबल निर्धोक ठरली असतील, तर ड्रायव्हर सुटला आणि कार्डाचा दोष जवळपास निश्चित झाला.

अखेरची कसोटी अदलाबदलीची. आपले कार्ड पुरेसा एसएमपीएस असलेल्या दुसऱ्या चांगल्या संगणकात लावून पाहावे. तेथेही तेच लक्षण दिसले तर निदान पक्के. हीच चाचणी आपल्यासमोर करून दाखवण्याची मागणी दुकानातही करता येते.

कार्डांत मुळातील दोष निघाल्याचीही उदाहरणे आहेत. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिप प्रमाणाबाहेर निकामी होत असल्याचे सांगून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. चिप आणि तिच्या बैठकीतील साहित्य तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांत टिकत नव्हते. अशी सूक्ष्म जोडणी तुटलेली कार्डे स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये भाजून काढण्याचा उपाय पुढे काही लोक सांगू लागले. तो करू नये. कार्ड चाललेच तर बहुधा थोडे दिवस चालते आणि ज्या ओव्हनमध्ये आपण अन्न शिजवतो, त्यात प्लॅस्टिक व डाखाच्या वाफा पसरतात.

कार्डाला वॉरंटी आहे का, हे आधी पाहावे. ती संगणकाच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आणि कधीकधी अधिक वर्षांची असते. जुने कार्ड विकत घेणार असाल तर सावध असावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या 'मायनिंग'साठी अहोरात्र राबवलेली असंख्य कार्डे जगभरच्या बाजारात आली. अशी सगळीच कार्डे वाईट नसतात. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत, जुने कार्ड अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानात जाण्यापूर्वी

एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : चित्र केव्हा जाते, तक्रार सुरू होण्यापूर्वी काय बदलले होते, आपण काय काय तपासले आणि प्रत्येक वेळी काय दिसले. एका वेळी एकच बदल करण्याचे पथ्य पाळलेले असेल, तर हा कागद तंत्रज्ञाचे कित्येक तास वाचवतो. चांगला तंत्रज्ञ तो आनंदाने वाचेल. यंत्र देताना 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे आणि कार्ड बदलले गेल्यास जुने कार्ड परत मागावे.

आणि संगणक सुरळीत झाल्याच्या दिवशीच घरातील छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. कार्ड आज ना उद्या नवे घेता येते. पुसल्या गेलेल्या फोटोंचे तसे नाही.